जुना बोल्ट की नवा बोल्ट?

मोटार दुरुस्त करण्याचे गॅरेज तुम्ही पाहिलेच असेल. मिस्त्री इंजिन उघडतात, एकेक भाग पुसून ठेवतात आणि काढलेले बोल्ट एका डब्यात जमा करतात. इंजिन पुन्हा जोडताना प्रश्न येतो, की हेच बोल्ट परत लावायचे की नवे आणायचे? प्रश्न छोटा वाटतो. पण कधी कधी साऱ्या इंजिनाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

आधी बोल्टचे काम समजून घेऊ या. पान्याने आवळला, की बोल्ट किंचित ताणला जातो. तो पोलादाचा असला तरी स्प्रिंगसारखा वागतो. ताणलेला बोल्ट पुन्हा आखूड होऊ पाहतो. त्यामुळे दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. जितका जोर जास्त, तितका ताण जास्त, हा नियम इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडला.

परंतु या नियमाला मर्यादा आहे. कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. थोडीशी वाकवून सोडली, तर ती पूर्ववत होते. जास्त वाकवली, तर वाकडीच राहते. बोल्टचेही असेच आहे. मर्यादेत ताणलेला बोल्ट सैल करताच मूळ लांबीवर येतो. मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट कायमचा लांब होतो. तो पुन्हा आवळला, तर आणखी लांबतो आणि तुटूही शकतो.

तुम्ही विचाराल, "मग बोल्ट इतका आवळावाच कशाला?" त्याला कारण आहे. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. हेडवर सगळीकडून सारखा दाब हवा. म्हणून अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम मर्यादेच्या किंचित पुढे ताणतात. आधी टॉर्क पान्याने ठरावीक जोर लावतात. मग ९० अंशांसारख्या ठरलेल्या कोनातून बोल्ट आणखी फिरवतात. असे बोल्ट बहुतेक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात. काही कंपन्या बोल्टची लांबी मोजायला सांगतात. ती ठरलेल्या मापात असेल, तरच तो पुन्हा चालतो.

हा नियम मोडला तर काय होते? हेड नीट दाबले जात नाही. मधले गॅसकेट निकामी होते आणि इंजिनाचे पाणी तेलात मिसळू शकते. पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर त्याहून नाजूक कामावर असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर-खाली होतो. त्या वेळी हा बोल्ट तुटला, तर सुटलेला रॉड इंजिन फोडून बाहेर येऊ शकतो. काही रुपयांची बचत हजारोंचे नुकसान करते.

मग सगळेच जुने बोल्ट फेकून द्यावेत का? नाही. झाकणाचे किंवा तेलाच्या टाकीचे साधे बोल्ट पुन्हा वापरता येतात. मात्र त्यांचे आटे शाबूत हवेत. बोल्ट वाकलेला किंवा गंजलेला नसावा. गंज आणि घाण असेल, तर पान्याचा जोर घासण्यातच वाया जातो. बोल्ट घट्ट वाटतो; पण पुरेसा ताणलेला नसतो.

नवा बोल्टही जाडी आणि लांबी पाहून भागत नाही. त्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. १०.९ चे पोलाद ८.८ पेक्षा अधिक ताण सहन करते. म्हणून १०.९ च्या जागी ८.८ चा बोल्ट लावू नये.

मित्रांनो, थकलेला बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी ठेवले, तर अनेकदा डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून चांगला कारागीर नुसत्या नजरेवर विसंबत नाही. तो कंपनीचे पुस्तक पाहतो, माप घेतो आणि नवे बोल्ट लागणार असतील, तर गाडीच्या मालकाला त्यांचा खर्च आधीच सांगतो. गाडीत बसणाऱ्यांचा जीव आपल्या हाती आहे, हे तो जाणतो.