सहलीच्या आधीचा रविवार

गेल्या डिसेंबरात भाचीच्या कुटुंबाबरोबर पट्टायाला गेले होते. सकाळी नाश्त्याला गेलो, तर फळांच्या टेबलावर हिंदीत पाटी: इथले पदार्थ बांधून खोलीवर नेऊ नयेत. अख्ख्या हॉटेलात देवनागरीत लिहिलेली तेवढी एकच ओळ. स्वागताचा शब्द नाही, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं तेही नाही. भाची म्हणाली, "आत्या, मनाला लावून घेऊ नकोस." पण लागलं. याच गावात मी दहा वर्षं माणसं आणली होती.

त्याआधीची सहल कंपनीतली माझी नोकरी तिकिटांच्या टेबलामागे गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुलै १९९७ मध्ये थायलंडच्या बाटची किंमत कोसळली आणि बँकॉक एकदम नाशिक-कराडच्या माणसाच्या आवाक्यात आलं. मी सहलप्रमुख झाले ती तेव्हा, आणि २००७ पर्यंत तेच केलं.

निघण्याच्या आधीच्या रविवारी दादरला एक छोटं सभागृह भाड्याने घेत असू. पुण्याहून, नाशकाहून माणसं एसटीने यायची. चहा-बटाटेवडा आणि दोन तास बोलणं. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक सामानात, एक घरी. हॉटेलचं नाव आणि फोन घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ११५५ हा तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर, पाठ करा. बँकॉकच्या राजवाड्याच्या दारात कुणी गोड बोलून "आज बंद आहे" म्हणालं तर ऐकू नका. तो रिक्षात घालून रत्नांच्या दुकानात नेणार आणि काचेचे खडे गळ्यात मारणार. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही. लहान मूल कितीही गोड असलं तरी डोक्यावरून हात फिरवायचा नाही. नोट उडाली तर पायाने अडवायची नाही, तिच्यावर राजा आहे, आणि राजाच्या अपमानाला तिथे तुरुंग आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की आहात तिथे उभं राहायचं.

सुरक्षितता वेगळी आणि रीतभात वेगळी, असं मी कधी सांगितलं नाही. दोन्ही एकाच दमात सांगायची, कारण परक्या गावात आपल्याला सांभाळतात ती तिथलीच माणसं. आणि सगळ्यांना आधी सांगितलेलं असलं की पुढे कुणा एकाला चारचौघांत हटकावं लागत नाही. त्या रविवारचं खरं मोल हेच होतं.

काहींना सांगावंही लागायचं नाही. १९९९ च्या सहलीत कराडकडच्या एक नऊवारीतल्या आजी होत्या, पंढरीची वारी करणाऱ्या. भिक्षू बाईच्या हातून थेट वस्तू घेत नाहीत. विहाराच्या अंगणात एका भिक्षूने पुढे कापड पसरलं. आजींनी केळी त्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरल्या आणि वाकल्या. मला म्हणाल्या, "सोवळं आहे त्यांचं, आपण जपायचं." उलट शिकलेल्या माणसांचाच त्रास जास्त. राजवाड्यातल्या देवळाभोवतीच्या ओवरीत रामकियेनचे, म्हणजे त्यांच्या रामायणाचे, १७८ चित्रफलक आहेत. "हे सगळं आपल्याकडूनच गेलं," असं म्हणत लोक त्या भिंतीला टेकून उभे राहायचे. आपलं म्हणून दुसऱ्याच्या देवघरात पाय पसरायचे! त्याचा राग मला आजही येतो.

याच काळात सिमेंट, रंग, खतं विकणाऱ्या कंपन्या डीलरांना बक्षीस म्हणून पट्टायाला पाठवू लागल्या. या सहली न्यायला बाई नको, असं आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी ठरवलं, आणि या पुरुषांना रविवारची बैठकही नको, असंही त्यांनीच ठरवलं. मी भांडून एक सहल घेतली. तिसऱ्याच दिवशी एक तरुण डीलर पासपोर्ट तारण ठेवून जेट-स्कीवर बसला. परत आल्यावर मालकाने जुने ओरखडे दाखवले आणि वाट्टेल ती रक्कम मागितली. पोरगा रडकुंडीला आला होता, नंबर त्याला कुणी दिलेलाच नव्हता. ११५५ मी फिरवला. पासपोर्ट सुटेपर्यंत रात्र झाली. बैठक झाली असती तर तो पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत असता.

२६ डिसेंबर २००४ ला आमचा गट पट्टायात होता. त्सुनामी आली ती पलीकडच्या, अंदमान समुद्राच्या किनाऱ्यावर. पट्टाया थायलंडच्या आखाताच्या बाजूला, म्हणून आम्ही सुखरूप. पण टीव्हीवर थायलंड बुडताना पाहणाऱ्या घरच्यांना हे कसं कळणार? कॅलेंडरवर फोन लिहिलेला होता. रात्रीपर्यंत बहुतेक घरांतून फोन आले. पुढच्या बैठकीत मी एक वाक्य वाढवलं: समुद्र अचानक मागे हटला तर बघायला जाऊ नका, उंचावर पळा.

२००७ मध्ये भाडं वाचवायला बैठक बंद झाली. तिच्या जागी छापील कागद आला, तो विमानतळावरच्या कचराकुंडीत मी पाहिला आहे. मी नोकरी सोडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर व्हिसाची अटही उठली. फोनवर तिकीट काढायचं आणि निघायचं. या वेळी बुद्धमूर्तीकडे पाठ करून नाचणारी, किनाऱ्यावर रात्री स्पीकर लावणारी आपली माणसं पाहिली. वाईट नव्हती ती. त्यांना कुणी कधी काही सांगितलेलंच नव्हतं.

त्या सकाळी शेजारच्या टेबलावर एक मराठी आई मुलासाठी दोन केळी रुमालात गुंडाळत होती. दुपारी त्याला भूक लागेल, एवढंच तिच्या मनात. नाश्ता वाढणारी मुलगी तिच्याकडे बघत होती, मग पाटीकडे, मग माझ्याकडे. मी उठले, आणि परत बसले. दादरच्या सभागृहात साठ जणांसमोर जे सहज सांगितलं असतं, ते लेकरादेखत एकटीला सांगायला जीभ रेटेना.