आयटीत पहिलं सर्टिफिकेट कोणतं? आधी गिऱ्हाईक ठरवा, मग कोर्स



व्हिडिओत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. पण फी भरायच्या आधी काय काय तपासायचं, ते शांतपणे वाचायला हवं, म्हणून हा लेख.

"सर, आयटीत उतरायचंय, कोणतं सर्टिफिकेट करू?" असं विचारणाऱ्याला मी उलटं विचारतो: ते दाखवणार कोणाला? कंपनीच्या एचआरला, की गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना? दोघांना वेगवेगळी गोष्ट हवी असते. हे न ठरवता घरची एफडी मोडून फी भरली, तर कागद मिळतो, काम मिळत नाही.

कागद कोणाचा आहे?

क्लास संपल्यावर क्लासवाले देतात तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. परीक्षा घेऊन मूळ कंपनी किंवा संस्था देते ते सर्टिफिकेशन. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोर्डावर "सीसीएनए कोर्स" लिहिलेलं असतं, पण सीसीएनएचं सर्टिफिकेट सिस्को देते, तेही २००-३०१ ही परीक्षा पास झाल्यावरच. म्हणून फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: परीक्षा कोण घेणार? परीक्षेची फी यात धरली आहे का? सर्टिफिकेट ऑनलाइन पडताळता येतं का? उत्तर गोलमोल आलं, तर चहा पिऊन घरी या.

कोणासाठी काय?

*एमएस-सीआयटी:* २००१ पासून आपल्याकडे चालू आहे. सरकारी भरतीत संगणक येतो हे दाखवायला उपयोगी. पण ही संगणक साक्षरता झाली. यावर आयटीचं करिअर उभं राहत नाही.

*आयटीआयचा कोपा ट्रेड:* दहावीनंतर एक वर्ष. कमी खर्चात हात बसतो. डेटा एंट्री, ऑफिसचं काम, छोटं कॉम्प्युटर सेंटर अशा वाटांसाठी बरा पाया आहे.

*कॉम्पटिया ए प्लस:* दुरुस्ती, सपोर्ट, हेल्पडेस्क यांसाठी. परीक्षा दोन, म्हणजे फीसुद्धा दोनदा. पहिलीत हार्डवेअर, मोबाइल, नेटवर्क. दुसरीत ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षा आणि सॉफ्टवेअरच्या अडचणी. नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. त्यामुळे जुन्या नोट्स विकत घेताना २२०-१२०१ आणि २२०-१२०२ हे नंबर बघून घ्या.

*सीसीएनए:* नेटवर्कमध्येच जायचं असेल तर. १२० मिनिटांची परीक्षा, फी ३०० डॉलर आणि वर कर. म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढेच. आधीची कोणतीही परीक्षा लागत नाही, पण अगदी कोऱ्या पाटीने बसू नका. नापास झालात तर फी पुन्हा भरावी लागते.

*गूगलचा आयटी सपोर्ट कोर्स:* कोर्सेरावर, ऑनलाइन. पैसे महिन्याच्या हिशोबाने जातात, म्हणून जितक्या लवकर संपवाल तितका स्वस्त. पाया पक्का करायला चांगला. पण एवढ्यावर नोकरी पक्की धरू नका.

ए प्लस आणि सीसीएनए ही दोन्ही तीन वर्षंच चालतात, मग नूतनीकरण. तोही खर्चच आहे.

हिशोब धंद्यासारखा करा

दुकानात माल भरताना आपण विचारतो ना, हे पैसे किती दिवसांत सुटतील? इथेही तेच. समजा सर्टिफिकेटवर एकूण १५,००० रुपये गेले आणि एका व्हिजिटमागे खर्च जाऊन ३०० उरले, तर पैसे वसूल व्हायला ५० व्हिजिट लागतील. ही ५० कामं तुमच्या भागात आहेत का? दवाखाने, पतसंस्था, शाळा, मेडिकल दुकानं मोजा. त्यांची कामं कोणती? प्रिंटर, वायफाय, सीसीटीव्ही, बिलिंगचा बॅकअप. अशा गिऱ्हाइकाला क्लाउडच्या सर्टिफिकेटचं काय करायचं? त्याचं बिल दहा मिनिटांत निघायला पाहिजे.

मात्र नोकरी करून अनुभव घ्यायचा आणि मग धंदा, असा बेत असेल तर गणित बदलतं. तिथे अर्ज चाळताना नाव ओळखीचं असलेलं सर्टिफिकेट कामाला येतं. पुण्या-मुंबईच्या नोकरीच्या जाहिराती उघडा, वीस जाहिराती वाचा आणि कोणतं नाव किती वेळा येतं ते वहीत मांडा. तुमचं उत्तर त्याच पानावर सापडेल.

कागदाच्या पलीकडे

माझ्या दुकानात माणूस घेताना मी एकच प्रश्न विचारतो: "गिऱ्हाईक म्हणतंय नेट चालत नाही. आधी काय बघशील?" चांगला मुलगा आधी केबल आणि राउटरचे दिवे बघतो. मग आयपी ॲड्रेस. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ८.८.८.८ ला पिंग जातंय पण वेबसाइट उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. हा क्रम ज्याच्या डोक्यात आहे, त्याला मी ठेवून घेतो. सर्टिफिकेटचा अभ्यास हाच क्रम शिकवतो, जर पाठांतर न करता केला तर. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, आणि एक जुना डेस्कटॉप खोलून पुन्हा जोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या दहा संभाव्य गिऱ्हाइकांना भेटा आणि कॉम्प्युटरची कोणती अडचण वारंवार येते ते विचारा. ती यादी एका बाजूला आणि कोर्सचा सिलॅबस दुसऱ्या बाजूला ठेवा. निम्म्या गोष्टीही जुळत नसतील, तर तो कोर्स कितीही मोठ्या नावाचा असला तरी तुमच्यासाठी नाही. जुळत असतील, तर एकच सर्टिफिकेट निवडा, परीक्षेची तारीख ठरवा आणि कामाला लागा. दुसऱ्या सर्टिफिकेटचे पैसे पहिल्याच्या कमाईतून येऊ द्या.