हातचा राहिलेला एक

३४,९५७ मध्ये ७०,७६४ मिळवा. उत्तर देणारा तीसेक सेकंद थांबतो आणि सांगतो, १,०५,६२१. कागदावर मांडून पाहिले की चूक सापडते. दशकातला हातचा एक शतकात मिळवायचा राहिला आहे. खरी बेरीज १,०५,७२१.

हा नमुना संवाद ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात मांडला. यंत्राला विचार करता येईल का, या प्रश्नावरचा तो लेख. समोर न दिसणारा माणूस आहे की यंत्र, हे फक्त लेखी प्रश्नोत्तरांवरून ओळखायचे, ही त्यातली कसोटी. तयारीचे यंत्र इथे मुद्दाम चुकेल, असे त्याच लेखात पुढे म्हटले आहे. झटपट, बिनचूक बेरीज केली तर त्याचे बिंग फुटणारच!

ट्युरिंग यांचे यंत्र मुळात माणसाकडे पाहूनच सुचलेले होते. १९३६ साली ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. चौकटीची वही, पेन्सिल आणि काही ठरावीक नियम, एवढेच त्याचे भांडवल. केंब्रिजमधल्या विशीतल्या ट्युरिंग यांनी वहीच्या जागी चौकटींची लांबच लांब पट्टी कल्पिली आणि डोक्यातले नियम यंत्राला दिले. एखादे विधान गृहीतकांवरून निघते की नाही, याचा निवाडा करणारी एकच ठरावीक रीत जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांना हवी होती. अशी रीत असूच शकत नाही, हे या कागदी यंत्राने दाखवून दिले. अमेरिकेत गणिती अलोन्झो चर्च त्याच वर्षी दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले.

त्याआधी, १९३१ साली, तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल यांनी आणखी एक धक्का दिला होता. अंकगणिताला पुरेल एवढी कोणतीही सुसंगत नियमावली घ्या. तिच्यात सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे विधान सापडतेच.

यंत्र तर नियमांवरच चालते. मग यंत्राला जी मर्यादा, ती माणसाला आहे का? नाही, असे ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. आर. लुकस यांनी १९६१ साली आणि गणिती रॉजर पेनरोज यांनी १९८९ साली ठासून मांडले. नियमांत न सापडणारे सत्य माणसाला दिसते, तेव्हा मन म्हणजे नुसता संगणक नव्हे, हा त्यांचा दावा.

ट्युरिंग यांचे उत्तर त्याआधीच तयार होते. १९४७ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे बोलताना त्यांनी सांगितले होते, की यंत्र कधीच चुकू नये अशी अट घातली, तर ते बुद्धिमानही असू शकणार नाही. ग्योडेलचा सिद्धान्त बांधतो तो कधीच न चुकणाऱ्याला. माणूस तर उघडउघड चुकतो.

स्वतः ग्योडेल मात्र सावध राहिले. १९५१ सालच्या व्याख्यानात त्यांनी एकाऐवजी दोन शक्यता ठेवल्या: एकतर मन कोणत्याही यंत्रात मावत नाही, किंवा काही गणिती प्रश्न माणसाला कधीच सुटणार नाहीत. दोन्हीही खरे असू शकेल, अशी वाटही त्यांनी मोकळी ठेवली. यांतले नेमके काय खरे, याचा निकाल अजून लागलेला नाही.