वारा फुकट, तेल स्वस्त

1924 साली जर्मनीतल्या कील बंदरात 'बुकाऊ' या जहाजाची शिडं उतरवली गेली आणि त्यांच्या जागी दोन उंच नळकांडी उभी राहिली. कल्पना अभियंता अंतोन फ्लेटनर यांची. लहानशा मोटरने नळकांडं गरगर फिरवायचं. आडवा वारा आला की त्याच्या एका अंगाने हवा वेगाने सरकते, तिथला दाब उतरतो आणि जहाज त्या दिशेला ओढलं जातं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो, तोही याच तत्त्वाने. 1926 मध्ये हे जहाज 'बाडेन-बाडेन' या नव्या नावाने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचलं. यंत्र चाललं, पण डिझेल इंजिन आणि स्वस्त इंधनापुढे धंदा चालला नाही.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सत्तरच्या दशकात तेल भडकलं, तेव्हा जपानला वारा आठवला. 1980 मध्ये 'शिन आइतोकू मारू' हे छोटं तेलवाहू जहाज पाण्यात उतरलं. त्याची शिडं संगणक वळवत असे, खलाशांना दोर ओढावे लागत नसत. इंधन वाचलंही. पण 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तो उत्साहही ओसरला.

यावेळची लाट जास्त टिकली आहे. 'मर्स्क पेलिकन' या तेलवाहू जहाजावर 2018 मध्ये 30 मीटर उंचीची दोन नळकांडी बसली; वर्षभरात 8.2 टक्के इंधन वाचलं. 2023 मध्ये 'पिक्सिस ओशन'वर 37.5 मीटरचे दोन ताठ पंख उभारले गेले. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचल्याचं कारगिल कंपनीने जाहीर केलं. समोरून वारा आला तर उपयोग नाही, कंटेनरच्या जहाजावर जागा नाही, या अडचणी खऱ्याच. पण मला मोठी अडचण हिशेबाची वाटते: पंखांचा खर्च मालकाचा, तर इंधनाचं बिल बहुतेकदा जहाज भाड्याने घेणाऱ्याचं. मग मालकाने पैसे का घालावेत?

धुरावर आकार बसला तर हे गणित बदलेल. तसा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे आला होता. ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनच्या बैठकीत सदस्य देशांनी तो वर्षभर पुढे ढकलला. तंत्र शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. ही दिरंगाई धोरणाची आहे.