पाऊण डॉलरचा हिशेब आणि संगणकाचा हजेरीपट

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात नुकताच रुजू झाला होता. दुर्बिणीच्या कामाचे अनुदान संपल्यामुळे त्याची बदली या खात्यात झाली होती. नव्या माणसाला द्यावे तसे किरकोळ काम त्याच्याकडे आले. संगणक वापरणाऱ्यांकडून वेळेनुसार पैसे आकारले जात आणि त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक पडत होता. तेव्हाच्या दराने नऊ-दहा रुपये. कुणीतरी काही सेकंद संगणक वापरला होता, पण त्याचे बिल कुणाच्या नावावर लावायचे ते सापडत नव्हते.

स्टोलने तो धागा सोडला नाही, आणि चोर सापडला. बाहेरचा कुणीतरी टेलिफोनच्या तारेवरून आत शिरून संगणकाचा सर्वाधिकारी झाला होता. पुढे या प्रकरणावर त्याने लिहिलेले पुस्तक गाजले. पण त्या कथेतला एक बारकावा सहसा मागे पडतो. आपल्यावर कुणी पाळत ठेवत आहे का, हे पाहण्यासाठी चोर वारंवार एकच गोष्ट करत असे. तो संगणकाचा हजेरीपट वाचत असे.

हा हजेरीपट म्हणजे काय? युनिक्स किंवा लिनक्ससारख्या प्रणालीच्या मध्यभागी कर्नल नावाचा प्रोग्रॅम असतो. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याच्या परवानगीने चालतात. रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्येक खाटेचा केसपेपर असावा, तशी कर्नल चालू असलेल्या प्रत्येक कामाची, म्हणजे प्रोसेसची, एक ओळ तक्त्यात ठेवतो. तिचा क्रमांक, मालक, तिला जन्म देणारी प्रोसेस, ती चालते आहे की झोपली आहे, असे सगळे त्यात असते. उघड्या फाइलींचा तक्ता वेगळा, डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींचा वेगळा. एखादी प्रोसेस मेली तरी तिची ओळ लगेच पुसली जात नाही. दाखला न्यायला घरचे माणूस येईपर्यंत नोंद राहावी, तशी जन्मदात्या प्रोसेसने विचारपूस करेपर्यंत ती राहते. अशा ओळीला ‘झॉम्बी’ म्हणतात. जुन्या प्रणालींत तक्त्याची लांबी ठरलेली असे. झॉम्बींनी तो भरला की नवे काम सुरूच होत नसे, आणि संगणक बिघडला अशी हाकाटी होई. बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘पीस्टॅट’ नावाची आज्ञा होती. कोणत्या तक्त्यात किती जागा भरल्या आणि किती उरल्या, ते ती सांगे.

प्रोसेसचा तक्ता पाहण्याची रोजची आज्ञा मात्र ‘पीएस’. तिची त्या काळची रीत आज वाचताना अंगावर काटा येतो. कर्नलची सगळी स्मृती ‘केमेम’ नावाच्या एका खास फाइलमधून उघडी असे. पीएस आधी कर्नलच्या मूळ फाइलीत पाहून तक्ता कोणत्या पत्त्यावर आहे ते शोधी, मग त्या पत्त्यावरचे आकडे थेट उचलून त्यांचा अर्थ लावी. छातीवर आला न लावता थेट छाती उघडून ठोके मोजावेत, तसा हा प्रकार. कर्नल बदलला की पत्ते बदलत आणि पीएस भलतेच काही सांगू लागे. शिवाय वाचता वाचता तक्ता बदलतच असे. दिसणारे चित्र सत्याच्या जवळपासचेच असते, अशी कबुली जुन्या युनिक्सच्या माहितीपुस्तिकेनेच देऊन ठेवली होती. आणि ज्याला केमेम वाचता येई, त्याला इतरांनी टंकलेले पासवर्डही सापडू शकत. म्हणून ती फाइल सर्वांना खुली न ठेवता पीएससारख्या मोजक्या प्रोग्रॅमनाच विशेष अधिकार देण्याची पद्धत पडली.

आता बर्कलीकडे परत. चोराने टंकलेली पीएसची आज्ञा स्टोलच्या हाती आली, तेव्हा त्याच्या एका युनिक्सच्या जाणकार सहकाऱ्याच्या नजरेत एक अक्षर खटकले. आज्ञेपुढे त्याने ई, ए, एफ, जी अशी चार अक्षरे जोडली होती. यातल्या ‘एफ’ची बर्कलीच्या युनिक्सवर गरजच नव्हती. ती सवय एटी अँड टीचे युनिक्स वापरणाऱ्याची. तोवर संशय जवळच्या विद्यापीठातल्या एखाद्या खोडकर विद्यार्थ्यावर होता. बोलण्यातल्या एका शब्दावरून माणूस घाटावरचा की कोकणातला हे कळावे, तसे या एका अक्षराने सांगितले, की हा पाहुणा इथला नव्हे.

स्टोलचा खरा शहाणपणा पुढच्या पायरीत आहे. चोरावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालवला असता, तर हजेरीपटात त्याचीही ओळ उमटली असती आणि चोर सावध झाला असता. म्हणून त्याने एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे टर्मिनल आणि प्रिंटर गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना ते परस्पर जोडले. कागद पडत राहिला, संगणकाला पत्ता नाही. जे कर्नलला ठाऊक नाही, ते कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

त्या कागदावरून चोराची युक्तीही उलगडली. ईमॅक्स या प्रोग्रॅमसोबत येणारा टपाल हलवण्याचा एक छोटा प्रोग्रॅम तिथे चुकून सर्वाधिकार देऊन बसवला होता. त्याच्या आधारे चोराने दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या एका अधिकृत प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचा ठेवला. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडे घालावे तसे. पुस्तकाचे नावही त्यावरूनच पडले. माग शेवटी जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये मार्कुस हेसपर्यंत पोहोचला. अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती तो आणि त्याचे साथीदार सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, केजीबीला, विकत होते. १९९० मध्ये ते दोषी ठरले, मात्र तुरुंगवासाची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली.

हजेरीपट वाचण्याची सभ्य रीत तोवर निघाली होती. बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये ‘प्रोसेस म्हणजे फाइल’ ही कल्पना मांडली. ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेस फाइलसारखी दिसेल आणि कर्नलच तिची माहिती वाचून दाखवेल. छाती उघडायची गरज नाही, आला लावा. लिनक्सने ही कल्पना उचलली आणि पुष्कळ वाढवली. लिनक्सच्या संगणकावर ही फोल्डर उघडून पाहण्यासारखी आहे. तिथल्या बहुतेक फाइलींचे माप शून्य दिसते, तरी उघडल्या की मजकूर निघतो, कारण तो डिस्कवर नसतोच. वाचणाऱ्याने विचारले, की कर्नल त्या क्षणी लिहून देतो. आजचा पीएस तिथूनच वाचतो.

पण सोयीसोबत उघडेपणाही आला. लिनक्सवर साधारणपणे कुणीही इतरांच्या प्रोसेसची यादी आणि त्यांची पूर्ण आज्ञा पाहू शकतो. आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड टंकणाऱ्याचा पासवर्ड शेजाऱ्याला दिसतो, आणि असे टंकणारे आजही कमी नाहीत. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचेच कर्नल आहे. एका ॲपला दुसऱ्या कोणत्या ॲपचे काम चालू आहे हे प्रॉकमधून चाचपता येई. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून इतरांच्या ओळी झाकल्या गेल्या.

चोरही शिकले. आधी ते पीएसच्या जागी स्वतःचा खोटा पीएस बसवत, जो त्यांची ओळ गाळून बाकी यादी दाखवी. पुढे ‘रूटकिट’ थेट कर्नलमध्येच शिरू लागले. मग हजेरीपट वाचून दाखवणाराच खोटे बोलतो, आणि पीएस खरा असूनही फसतो. यावर एक साधा उपाय निघाला. यादी वाचायचीच, शिवाय प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्रपणे हाक मारून पाहायची. यादीत नसलेला क्रमांक ‘ओ’ देतो का? दिलीच, तर कुणीतरी लपले आहे. पक्के रूटकिट हाकेलाही गप्प राहते. तेव्हा स्मृतीची संपूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या, निरोगी संगणकावर तपासावी लागते. स्टोलच्या प्रिंटरचीच ही जरा सुधारलेली आवृत्ती.

२०१८ च्या जानेवारीत ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. साध्या प्रोग्रॅमलाही कर्नलच्या स्मृतीतले आकडे आडवाटेने ओळखता येत होते. कर्नलचे पत्ते इतर प्रोग्रॅमच्या नकाशातून काढून वेगळे ठेवावे लागले, आणि काही कामांचा वेग त्यामुळे घटला.

आणि जुनी केमेम? तिची गरज उरली नव्हती, धोका मात्र तसाच होता. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१३ आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. पीएस चालूच राहिला. त्याने ती फाइल वापरणे केव्हाच सोडले होते.