सिंड्रेलाचं खरं नाव काय?

प्रश्न पोरकट वाटेल, पण जरा आठवून पाहा. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली, पुढे आपल्या मुलांना सांगितली. काचेचा बूट आठवतो, भोपळ्याची गाडी आठवते, बाराचे ठोके आठवतात. त्या मुलीच्या आईबापांनी तिचं नाव काय ठेवलं होतं, ते मात्र कोणीच सांगू शकणार नाही, कारण गोष्टीत ते नाहीच! शार्ल पेरॉ या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही कथा छापली. चुलीजवळच्या राखेत बसणाऱ्या या पोरीला घरात राखेवरून एक शिवराळ नाव पडतं. धाकटी सावत्र बहीण थोरलीइतकी उद्धट नाही, म्हणून ती त्याचंच जरा सौम्य रूप करून हाक मारते. त्या सौम्य शिवीचंच पुढे इंग्रजीत सिंड्रेला झालं. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत आपला कथासंग्रह काढला, त्यातही तिचं नाव राखेवरूनच. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं आपण त्या मुलीला सावत्र बहिणींच्या तोंडच्या नावानेच ओळखतो आहोत.

हे आज काढायचं कारण असं. जुनी परीकथा घेऊन तिच्यावर नवी प्रेमकादंबरी रचायची, हा प्रकार इंग्रजीत चांगलाच रुळला आहे. दुपारची झाकपाक झाली की पंख्याखाली अशी पुस्तकं वाचणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत, आणि वही काढून स्वतःच तसं काही लिहिणाऱ्याही आता निघू लागल्या आहेत. त्यांची गाडी हटकून एका ठिकाणी अडते. दोनशे पानं लिहून होतात, पण वहीवर नाव घालता येत नाही. मग घाईघाईत 'एक नवी सिंड्रेला' असं काहीतरी लिहून मोकळं व्हायचं! तसं करू नका, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अशा कादंबरीच्या नावाला दोन कामं करावी लागतात. गोष्ट जुनीच आहे, तुमच्या ओळखीची आहे, ही खूण वाचकाला पटवायची, आणि शिवाय या वेळी ती कोणाच्या बाजूने सांगितली आहे हेही सुचवायचं. आपल्याला हे नवं नाही. कर्णाची कथा कोणाला ठाऊक नाही? शिवाजी सावंतांनी १९६७ साली तिला 'मृत्युंजय' म्हटलं, रणजित देसाईंनी १९७३ साली 'राधेय'. कर्ण तोच, युद्ध तेच. पण पहिलं नाव वाचलं की मरणाला न भिणारा योद्धा उभा राहतो, दुसरं वाचलं की ज्या बाईने त्याला पाण्यातून उचलून वाढवलं ती राधा. पहिलं पान उलटायच्या आधीच लेखकाने कौल देऊन टाकलेला असतो.

आता परीकथांकडे या. रॉबिन मॅकिन्ली या अमेरिकन लेखिकेने 'ब्यूटी अँड द बीस्ट' म्हणजे सुंदरी आणि राक्षसाची गोष्ट दोनदा लिहिली. १९७८ सालच्या पहिल्या कादंबरीचं नाव नुसतं 'ब्यूटी'. गंमत अशी की तिची नायिका दिसायला काही विशेष नाही. तिचं खरं नाव ऑनर, म्हणजे सन्मान. लहानपणी वडिलांनी त्या नावाचा अर्थ समजावला, तेव्हा पोरीला तो मुळीच पसंत पडला नाही. त्यापेक्षा मला सुंदरी म्हणा, असं ती बोलून गेली आणि तेच नाव चिकटलं. मोठेपणी आरशासमोर उभं राहिलं की ते नाव तिला टोचतं. म्हणजे साधं, सरळ वाटणारं शीर्षक पुस्तक वाचता वाचता वाकडं होत जातं. राक्षसाचं नाव मूळ कथेच्या शीर्षकात आहे, ते इथे मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत नाही. ते उपशीर्षकात गेलं. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठं नाव आपल्या मनासारखं ठेवावं, आणि ही कोणत्या कथेची नवी मांडणी आहे ते खाली बारीक अक्षरांत सांगावं. वाचकही हुकत नाही, नावही बोजड होत नाही. त्याच बाईंनी १९९७ साली तीच कथा पुन्हा लिहिली, तेव्हा नाव ठेवलं 'रोज डॉटर', गुलाबाची लेक.

गुलाबाचं मात्र आता जरा अती झालं आहे. काटे, गुलाब, मुकुट, दरबार यांनी दुकानाची फळी भरून गेली आहे. सारा मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ साली आली आणि तुफान चालली. तेव्हापासून 'अमक्याचा आणि तमक्याचा दरबार' अशा नावांचं पीकच आलं. दहावं पुस्तक हातात घेणारी बाई पहिल्या नऊंतलं कोणतं वाचलंय तेच विसरते.

वस्तूवरून नाव ठेवायचं तर कमी वापरलेली वस्तू शोधावी. राजकन्या टॉवरमध्ये केस सोडून बसते ती रॅपन्झेल आठवा. तिच्या नावाचा अर्थ ठाऊक आहे? ते एका पालेभाजीचं नाव आहे! आईला डोहाळे लागले शेजारच्या चेटकिणीच्या वाफ्यातल्या भाजीचे, नवऱ्याने ती चोरून आणली, पकडला गेला आणि मोबदल्यात पोटातलं मूल देऊन बसला. त्या मुलीला चेटकिणीने भाजीचंच नाव ठेवलं, म्हणजे आपल्याकडे लेकीचं नाव चाकवत ठेवावं तसं. केट फॉरसिथ या ऑस्ट्रेलियन लेखिकेने २०१२ साली या कथेवर कादंबरी लिहिली. तिने केस घेतले नाहीत, टॉवर घेतला नाही. नाव ठेवलं 'बिटर ग्रीन्स', कडू पालेभाजी. सगळा अनर्थ जिथून सुरू झाला, नेमकी तीच वस्तू. याच रॅपन्झेलवर डिस्नेने २०१० साली चित्रपट काढला, तेव्हा राजकन्येचं नाव बघून मुलगे थिएटरात यायचे नाहीत या धास्तीने 'रॅपन्झेल' हे ठरलेलं नाव बदलून 'टँगल्ड', गुंतलेलं, असं केलं. पैशाचा हिशेब त्यांचा त्यांना लखलाभ. मुलींनी मात्र आजवर मुलग्यांच्या नावाच्या गोष्टी विनातक्रार पाहिल्या, एवढं म्हटल्यावाचून राहवत नाही.

प्रेमकथेच्या नावाला आणखी एक पथ्य आहे. वाचणारीला शेवट गोड हवा असतो, आणि नावाने तेवढा दिलासा द्यायचा असतो. एलोइसा जेम्स हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या बाई न्यूयॉर्कमध्ये शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्यांनी परीकथांवर प्रेमकादंबऱ्यांची मालिकाच लिहिली. २०१० सालची सिंड्रेलावरची कादंबरी 'अ किस ॲट मिडनाइट', मध्यरात्रीचं चुंबन. मध्यरात्र म्हटलं की कथा कळली, चुंबन म्हटलं की प्रकार कळला. काम चार शब्दांत संपलं. २०१२ सालची 'द अग्ली डचेस', कुरूप सरदारीण. कुरूप बदकपिल्लाची आठवण तर त्यात आहेच, पण कादंबरीत हे नाव नायिकेला वर्तमानपत्रं कुचेष्टेने देतात. तीच शिवी उचलून लेखिकेने मुखपृष्ठावर लावली.

याउलट 'प्रेटी वुमन' हा १९९० सालचा चित्रपट घ्या. आधुनिक सिंड्रेलाच ती. मूळ पटकथेचं नाव होतं 'तीन हजार'. त्या बाईच्या एका आठवड्याची डॉलरांतली किंमत! तेव्हा शेवटही कडू होता. शेवट गोड केला आणि नावही बदललं. बरंच झालं; बिलाच्या आकड्याला कोण प्रेमकथा म्हणेल?

एक व्यवहाराची गोष्ट. 'हे नाव आधीच कोणी घेतलं असेल तर?' अशी धास्ती पुष्कळजणींना असते. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. एका हिंदी चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच सांगितलं. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक 'ययाति' १९६१चं. दोन्ही सुखाने नांदली. पेरॉ किंवा ग्रिम यांच्या कथाही आता कोणाच्या मालकीच्या नाहीत. डिस्नेच्या चित्रपटातली गाणारी किटली मात्र डिस्नेची, तिला हात लावू नका. तरीही गाजलेल्या पुस्तकाचं नाव घेऊ नये, ते निव्वळ आपल्या सोयीसाठी. ग्रंथालयात तुमचं पुस्तक मागितलं तर बाई दुसरंच काढून देतील.

राहता राहिला प्रश्न मराठीत काय लिहावं हा. सिंड्रेलाच कशाला हवी? श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. तिला खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचा गोठा. शेवटी राजा प्रसन्न होतो आणि तिला पालखीतून घरी आणतो. नावडतीची आवडती होते, पण तिचं नाव कहाणीत शेवटपर्यंत येत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने आपलं नवं नाव उमटताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या कहाणीवर प्रेमकादंबरी लिहिलीत तर नाव काय द्याल? 'गोठ्यातली सून' म्हटलं तर फार्स वाटेल. 'शिवामूठ' चांगलं, पण व्रताची पुस्तिका समजून कोणी देवघरात ठेवेल. 'नावडती' यात धार आहे. नावडती कोणाची, हा प्रश्न पहिल्याच क्षणी उभा राहतो आणि उत्तरासाठी पुस्तक उघडावं लागतं. पण त्यात गोड शेवटाचा दिलासा नाही. मला स्वतःला 'पाचवी मूठ' आवडेल. तांदूळ, तीळ, मूग, जव या चार मुठी दर श्रावणात. पाचवा सोमवार आला तरच सातूची पाचवी. ज्यांनी मुठी वाहिल्या आहेत त्यांना खूण लगेच पटेल, आणि या वेळी काहीतरी जास्तीचं पदरात पडणार आहे हेही कळेल. मात्र नायक तुम्हालाच घडवावा लागेल. मूळ कहाणीत त्या सुनेच्या नवऱ्याला फारसं कामच नाही!