कार्ल्याच्या दारावरचा सुतार

लेणी कोणी कोरली? कार्ल्याला, नाशिकला सहलीला जाऊन आलेली मुले घरी हा प्रश्न विचारतात आणि पुष्कळ घरांत उत्तर मिळते, "पांडवांनी, एका रात्रीत." नाशिकच्या बुद्धलेण्यांना लोक अजूनही पांडवलेणीच म्हणतात. हे उत्तर ज्यांना खुपते त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबी वाचावेत, असे आम्हांला वाटते.

कोसंबी (१९०७-१९६६) हे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. पेशाने गणिती. जुनी नाणी तोलून आणि पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा पायी तुडवून त्यांनी इतिहास लिहिला. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हा त्यांचा ग्रंथ १९६२ चा. लेणी घाटवाटांवर का, हे त्यांनी नीट उलगडले. कार्ले बोरघाटाजवळ, जुन्नर नाणेघाटाच्या वाटेवर. माल लादलेले तांडे तिथून जात आणि विहारांना दान देत.

दान देणारे कोण, ते भिंतीवरच लिहिले आहे. कार्ल्याच्या चैत्याचे दार केले धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने. बापाचे नाव वेणुवास. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर आपल्या बापाच्या नावासह दगडावर आहे! जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले.

नाशिकचा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही. व्याजातून वर्षावासाच्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मुलांना मांडायला लावा : वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. राजाच्या जावयाने पैसा विश्वासाने ठेवला तो मागावर बसणाऱ्यांकडे.

कोसंबींचे सगळेच आम्हांला पटते असे नाही. धम्माच्या ऱ्हासाची चर्चा करताना विहारांच्या संपत्तीवर ते फार बोट ठेवतात. इंग्रजीही सोपी नाही. पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने संध्याकाळी दोन पाने मराठीत समजावून सांगावीत, सर्वांनी ऐकावीत.

आणि पुढच्या वेळी कार्ल्याला जाल तेव्हा चैत्याच्या छताकडे मान वर करून पाहा. तिथल्या सागवानी फासळ्या त्या काळच्या आहेत.